टिळकांनी पाहिलेली वाट

महाराष्ट्राला टिळक दोन. एक लोकमान्य, दुसरे रेव्हरंड. दोघेही कोकणातल्या चित्पावन घराण्यांतले. दोघांच्या जन्मात पाच वर्षांचे अंतर, मृत्यूत जेमतेम सव्वा वर्षाचे. पहिल्या टिळकांचे पुतळे गावोगावच्या चौकांत उभे आहेत. दुसरे टिळक शाळेच्या पुस्तकात एखाद्या फुलाच्या नाहीतर पाखराच्या कवितेतून भेटतात आणि पुढच्या इयत्तेत गेलो की आपण त्यांना विसरतो. कुणाला त्यांची याहून अधिक ओळख असते ती बहुधा त्यांच्या पत्नीच्या, लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे. ते पुस्तक आपल्याकडे घरोघर वाचले गेले. विजया मेहतांनी त्यावर केलेल्या चित्रपटातून सुहास जोशींच्या रूपाने लक्ष्मीबाई घरात येऊन बसल्या. साहजिकच टिळक म्हणजे ‘त्या’ बाईंचे विक्षिप्त, भोळे, उधळ्या हाताचे यजमान, अशी एक प्रतिमा आपल्या मनात ठसली आहे.

ती खोटी नाही. पण ‘स्मृतिचित्रे’ मी जितक्या वेळा वाचले, तितक्या वेळा त्या विनोदाच्या आड दडलेली एक गोष्ट मला अधिकाधिक मोठी वाटत गेली. जन्मभर ज्या माणसाला एका जागी बसवले नाही, एक नोकरी धरवली नाही, मनात आलेली गोष्ट उद्यावर टाकवली नाही, त्या माणसाने आयुष्यातल्या सर्वांत दुखऱ्या प्रसंगी पाच वर्षे वाट पाहिली. देवावर भरवसा ठेवून, कुणावर जबरदस्ती न करता पाहिली. ख्रिस्ती धर्मात सबुरीला, प्रभूची वाट पाहण्याला फार मोठे स्थान आहे. मराठी मुलखात त्याचे चालतेबोलते उदाहरण शोधायचे, तर मला नारायण वामन टिळकांखेरीज दुसरे नाव सुचत नाही.

आम्हा ठाणे-कल्याण-डोंबिवलीकरांना तर हे टिळक जवळचे वाटायला हवेत. त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा; पण त्यांनी पाटी-पेन्सिल हातात धरली ती कल्याणात. १८६९ ते १८७३ ही चार वर्षे ते इथल्या शाळेत होते. वडील वामनराव सरकारी नोकरीत. स्वभावाने कडक, तापट. आई जानकीबाई भाविक आणि कवितेची आवड असलेली. कल्याण तेव्हा जुने बंदर आणि नवे रेल्वे ठाणे अशा दोन्ही जगांत पाय ठेवून उभे होते. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १८५३ साली धावली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. थळ घाट ओलांडून गाड्या नाशिककडे जायला लागल्यालाही चार-पाच वर्षे झाली होती. योगायोग असा, की पुढे डॉक्टर होऊन नाव काढणाऱ्या आनंदीबाई जोशी त्याच काळात याच गावात परकर नेसून वावरत होत्या. एका लहानशा गावाने एकाच वेळी दोन बंडखोर वाढवले म्हणायचे! मुरबाडचे नावही टिळकांच्या घराण्याशी जोडलेले आहे. लक्ष्मीबाईंच्या सासुरवासाच्या हकिगती वाचताना ठाणे जिल्ह्यातले हे गाव आपल्याला पुन:पुन्हा भेटते.

आई लवकर गेली आणि मुलाचे घरातले मन उडाले. तो नाशिकला गेला. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे दोन वर्षे संस्कृत काव्याचा अभ्यास झाला, मग थोडे इंग्रजी शिक्षण झाले; पण मॅट्रिकपर्यंत मजल गेली नाही. १८८० च्या सुमारास नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मनूशी लग्न झाले. नवरा अठरा-एकोणीस वर्षांचा, नवरी अकरा-बारा वर्षांची. हीच मनू पुढची लक्ष्मीबाई.

संसार सुरू झाला तो असा, की आज इथे तर उद्या तिथे. टिळकांनी मास्तरकी केली, भिक्षुकी केली, कीर्तने केली, छापखान्यात खिळे जुळवले. वस्तीला आलेला माणूस उपाशी दिसला की घरातला शिधा बाहेर जायचा, अंगावरचे वस्त्रही जायचे. रागावले की कुणाला न सांगता घर सोडून चालू लागायचे. भाजी आणायला म्हणून बाहेर पडलेला माणूस कुठल्या गावी उतरेल याचा भरवसा बायकोला नसे. लक्ष्मीबाईंनी हे सारे हसत हसत सांगितले आहे. पण ज्या बाईने ते भोगले तिला त्या त्या दिवशी हसू आले असेल असे वाटत नाही. अशा या माणसाच्या अंगी सबुरी नावाचा गुण औषधालाही नव्हता, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. पुढे जे घडले त्याची किंमत त्याशिवाय कळत नाही.

१८९१ मध्ये ते नागपुरास आले. अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचे काम मिळाले. ‘ऋषि’ नावाचे धर्मचर्चेचे मासिकही त्यांनी काढले. ते फार दिवस चालले नाही. या सगळ्या धडपडीच्या मुळाशी एक प्रश्न होता. जातिभेदाने चिरफाळलेला हा समाज एकत्र आणील असा, माणसाला माणूस म्हणून पोटाशी धरील असा धर्म कोणता? घरात पाठोपाठ मुले दगावली होती. १८९१ मध्ये जन्मलेला दत्तू तेवढा हाताशी राहिला होता. देव आहे का, असला तर कसा आहे, हा प्रश्न अशा घरात पुस्तकी राहत नाही.

आणि १८९३ साली गाडीत ती प्रसिद्ध भेट झाली. टिळक नोकरीच्या शोधात राजनांदगाव संस्थानाकडे निघाले होते. डब्यात अर्नेस्ट वॉर्ड नावाचे एक मिशनरी गृहस्थ होते. गप्पा कवितेवरून धर्मावर आल्या. उतरण्यापूर्वी वॉर्डसाहेबांनी टिळकांच्या हातात बायबल ठेवले आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना ते अर्थातच हास्यास्पद वाटले. पण सज्जन माणसाला शब्द दिला म्हणून ते रोज वाचू लागले. प्रथम फार काही पटले नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानातले डोंगरावरचे प्रवचन आले आणि ते तिथेच थांबले. शत्रूवर प्रेम करायला सांगणारा, दीनांना धन्य म्हणणारा हा गुरू त्यांना परका वाटेना. तुकारामाच्या अभंगांवर पोसलेल्या मनाला त्या बोलण्याची ओळख पटली. तुकोबाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते पुढे जन्मभर मानत राहिले.

मन वळले, पण पाऊल उचलेना. आपण बाप्तिस्मा घेतला तर बायकोचे काय होईल हे त्यांना पुरते ठाऊक होते. लक्ष्मीबाईंचे माहेर सोवळ्याच्या बाबतीत असे, की त्यांचे वडील बाजारातून आलेले मीठसुद्धा धुऊन घेत. त्या घरात वाढलेल्या बाईचा नवरा ख्रिस्ती होणे म्हणजे काय, याची आज आपल्याला कल्पना येणार नाही. नवरा जिवंत असून घराला तो मेलेला. तिला वैधव्य नाही आणि सौभाग्यही नाही. हळदीकुंकवाला बोलावायचे की नाही, असा प्रश्न शेजारणींना पडावा अशी तिची अवस्था. टिळक घुटमळले ते या भीतीने. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वॉर्डसाहेबांनी सांगितलेली दोन वर्षे उलटायची होती.

लक्ष्मीबाई तेव्हा आपल्या माणसांत होत्या. बातमी आली आणि त्या कोलमडल्या. वय सत्तावीसच्या आत, पदरी चार वर्षांचा मुलगा, शिक्षण अक्षरओळखीपुरते. नातलगांनी त्यांना सांभाळले, हे त्या मंडळींचे मोठेपण. पण सांभाळणे म्हणजे टिळकांपासून दूर ठेवणेही होते. दत्तूला बाप घेऊन जाईल ही धास्ती सगळ्यांच्या मनात होती.

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. अशा प्रसंगासाठी इंग्रज सरकारने १८६६ सालीच एक कायदा करून ठेवला होता. ख्रिस्ती झालेल्या माणसाच्या जोडीदाराने धर्मांतराच्या कारणावरून सहा महिने नांदायचे नाकारले, तर त्याला कोर्टात दावा लावता येई. कोर्ट वर्षभराची मुदत देई. त्यानंतरही नकार कायम राहिला तर लग्न मोडल्याचा हुकूम होई आणि दोघांनाही पुन्हा लग्न करायची मोकळीक मिळे. ‘दोघांनाही’ हा शब्द कागदावरचा. ब्राह्मणाच्या घरातल्या परित्यक्तेशी त्या काळी कोण लग्न करणार होते? म्हणजे दीड-दोन वर्षांत टिळक मोकळे होऊ शकत होते, नवा संसार मांडू शकत होते. ख्रिस्ती समाजात त्यांच्यासारख्या विद्वान कवीला स्थळांची वाण पडली नसती. मुलावर बापाचा हक्क सांगणेही त्या काळच्या कायद्यात अवघड नव्हते.

टिळक या वाटेला गेले नाहीत. त्यांनी पत्रे लिहिली. कविता लिहून पाठवल्या. भेट मिळेल तिथे भेटायला गेले. आणि प्रार्थना करीत राहिले. बायको आपल्याकडे येईल ती तिच्या पायांनी येईल, नाहीतर येणार नाही. पण आपले लग्न आपण मोडायचे नाही, हा त्यांचा निश्चय होता. उतावळ्या माणसाने हे करावे यातच सगळे आले.

लक्ष्मीबाई या काळात पंढरपुरास बहिणीच्या घरी राहिल्या. मला या गोष्टीचे नेहमी नवल वाटते. वाट पाहण्याचे महाराष्ट्रातले सर्वांत मोठे ठिकाण पंढरपूरच नाही का? इतर क्षेत्रांत भक्त देवाची वाट पाहतो. पंढरपुरात देव भक्ताची वाट पाहत विटेवर उभा राहिला आहे. पुंडलिकाने आईबापांची सेवा संपेपर्यंत थांब म्हणून सांगितले आणि परब्रह्म कमरेवर हात ठेवून थांबले. त्या देवाच्या सावलीत नवऱ्याने टाकलेली, म्हणजे जगाच्या दृष्टीने टाकलेली, एक बाई दिवस मोजत होती. दु:ख बोलून दाखवायला माणूस नव्हते तेव्हा त्यांच्या तोंडून पद्य बाहेर पडू लागले. मराठीला एक कवयित्री मिळाली ती अशी.

ख्रिस्ती शास्त्रातली वाट पाहण्याची कल्पना पाहिली तर ती या विटेपासून फार लांब नाही. लूकच्या शुभवर्तमानात शिमोन नावाचा म्हातारा आणि हन्ना नावाची विधवा यरुशलेमच्या मंदिरात मसीहाची वाट पाहत आयुष्य काढतात आणि बाळ येशूला पाहून कृतार्थ होतात. दाविदाच्या स्तोत्रांत परमेश्वराची वाट पाहण्याचे पालुपद पुन:पुन्हा येते. पण याच शुभवर्तमानात येशूने सांगितलेली एक गोष्ट आहे, तिच्यात चित्र उलटे आहे. घरातला आपला वाटा घेऊन धाकटा मुलगा परदेशी निघून जातो, पैसा उधळतो, डुकरे राखायची पाळी आल्यावर घराकडे वळतो. तो दूर असतानाच बापाची नजर त्याच्यावर पडते. म्हणजे बापाचे डोळे वाटेकडेच लागलेले होते. त्याने मुलाला आणायला माणसे धाडली नव्हती, दोरखंड पाठवले नव्हते; दार मात्र लावून घेतले नव्हते. ख्रिस्ती माणूस देवाची वाट पाहतो, कारण देव आपली वाट पाहत आहे असे त्याला वाटते. टिळकांनी बायकोच्या बाबतीत जे केले ते याच बापाचे अनुकरण होते, असे मला वाटते.

मात्र वाट पाहणे म्हणजे हात बांधून बसणे नव्हे. टिळक मिशनच्या कामासाठी अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, गेले आणि डॉ. रॉबर्ट ह्यूम यांच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवू लागले. ज्या मिशनचे ते झाले होते, तिलाही वाट पाहण्याची सवय होती. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनचे पहिले लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले. हॉल यांनी मराठी शिकून तेरा वर्षे कष्ट काढले आणि १८२६ मध्ये नाशिककडून परतताना वाटेत पटकीने त्यांचा अंत झाला. डोळ्यांना दिसेल असे यश त्यांच्या पदरात जवळजवळ पडलेच नाही. नगरचे ठाणे १८३१ चे, ‘ज्ञानोदय’ १८४२ चा. ज्या वृक्षाखाली टिळक येऊन बसले तो लावणाऱ्यांनी त्याची सावली पाहिली नव्हती.

इथे एक प्रश्न मनात येतो तो दडपून ठेवणे बरे नाही. टिळकांनी वाट पाहिली हे खरे. पण त्या वाट पाहण्याचे मोल कुणी दिले? टिळकांनी आपला मार्ग स्वत: निवडला होता. त्यांना नवा समाज मिळाला, काम मिळाले, मनाला हवी ती शांती मिळाली. लक्ष्मीबाईंनी काही निवडले नव्हते. त्यांच्यावर ते येऊन कोसळले. नवऱ्याची श्रद्धा आणि त्यासाठी बायकोने सोसलेला वनवास, हा हिशेब आपल्या संतचरित्रांत पुष्कळदा चुकता व्हायचा राहतो. तुकोबांची आवली घ्या, नाहीतर गौतमाची यशोधरा घ्या. टिळकांच्या चरित्रातही तो डाग आहे आणि त्यांच्या मोठेपणावर प्रेम करणाऱ्यानेही तो झाकू नये. फरक इतकाच, की टिळकांनी मागे वळून पाहिले. आपण पुढे गेलो आणि ती मागे राहिली, हे त्यांनी नशिबावर ढकलून दिले नाही. ती जिथे होती तिथवर ते पुन:पुन्हा जात राहिले.

हळूहळू नातलगांचा विरोध मवाळ झाला. लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन नगरला आल्या. पण आल्या त्या आपल्या सोवळ्यासकट. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे, देव वेगळे. ख्रिस्ती नवऱ्याचा स्पर्श झाला तर विटाळ. या संसाराचे वर्णन ‘स्मृतिचित्रे’तच वाचावे, हसता हसता डोळ्यांत पाणी येते. टिळकांनी त्या सोवळ्याला धक्का लावला नाही. आता तू माझ्या घरात आहेस, तेव्हा माझ्या धर्माने वाग, असे म्हणायचा अधिकार त्या काळच्या कुठल्याही नवऱ्याने गाजवला असता. आपण पाहिलेली वाट संपली असे टिळकांनी मानले नाही. बायको घरात आली तरी तिचे मन अजून तिच्या वाटेवर होते आणि तिथे घाई करून चालणार नव्हते.

पुढे राहुरीला डॉ. बॅलंटाइन यांच्या सहवासात दिवस गेले. लक्ष्मीबाई पाहत होत्या, विचार करत होत्या. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी कुणी शिकवल्यावाचून स्वत:लाच विचारला. देवाने केला असता तर पशुपक्ष्यांप्रमाणे माणसाच्या जातीही अंगावर ओळखू आल्या नसत्या का? विचार करता करता एके दिवशी त्यांच्या मनातली गाठ सुटली आणि यापुढे कुणाच्याही हातचे खायचे-प्यायचे असे त्यांनी ठरवले. मीठ धुऊन घेणाऱ्या बापाच्या मुलीने हे ठरवावे, ही मला त्यांच्या बाप्तिस्म्याहूनही मोठी घटना वाटते. बाप्तिस्मा १९०० साली राहुरीला झाला. पतीच्या बाप्तिस्म्याला पाच वर्षे झाली होती.

नंतरचा संसार पूर्वीइतकाच आडवातिडवा, पण दोघांचा होता. छप्पनच्या दुष्काळानंतर पोरकी झालेली मुले त्यांच्या घरात वाढली. १९०४ मध्ये टिळकांना पाळकाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून मृत्यूपर्यंत ते ‘ज्ञानोदय’च्या मराठी भागाचे संपादक होते. नगरच्या त्यांच्या घरी बालकवी ठोंबरे राहायला आले, तेव्हा त्या पोरक्या, हळव्या कवीला लक्ष्मीबाईंनी आईची माया दिली. टिळकांची भक्तिगीते मराठी मंडळ्यांत घुमू लागली. त्याआधी मराठी ख्रिस्ती माणूस बव्हंशी इंग्रजी चालींवर बेतलेली भाषांतरे गात असे. टिळकांनी त्याच्या हाती अभंग दिला, ओवी दिली, टाळ दिले. आजही ठाण्यापासून सोलापूरपर्यंत कुठल्याही मराठी मंडळीत रविवारच्या उपासनेला जाऊन बसा. टिळकांचे एखादे भजन कानी पडल्याशिवाय राहायचे नाही.

आपल्याकडे ठाण्यात ख्रिस्ती धर्म काही टिळकांच्या काळी आलेला नाही. १३२१ साली इथे चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, त्याची नोंद युरोपच्या इतिहासात आहे. पोर्तुगिजांच्या अमलात साष्टीत देवळे उभी राहिली आणि त्या परंपरेतली घरे आजही ठाण्यात नांदत आहेत. पण ख्रिस्त हा परक्यांचा देव नसून तो मराठीत बोलू शकतो, वारकऱ्याच्या तालावर गाऊ शकतो, ही खूण मराठी साहित्यात ठळकपणे उमटवली ती टिळकांनी.

या बाबतीत मात्र त्यांची वाट पाहणे पुरे झाले नाही. भारतीय माणसाने ख्रिस्ताचे व्हावे, पण आपले माणूसपण आणि आपला देश सोडू नये, ही त्यांची तळमळ होती. परदेशी पैशावर आणि परदेशी अधिकारावर उभी असलेली मंडळी त्यांना खुपू लागली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्ताचे भक्त त्यात एकत्र यावेत, अशी कल्पना होती. ज्याने बाप्तिस्म्यासाठी एवढी किंमत मोजली त्यानेच न घेतलेल्यांसाठी दार उघडे ठेवावे, हे पाहून पुष्कळांना धक्का बसला. मला त्यात विसंगती दिसत नाही. घरातल्याच एका माणसासाठी त्यांनी पाच वर्षे दार उघडे ठेवले होते. त्यांना तेवढा अनुभव पुरेसा होता. दरबार फुलायला वेळ लागला असता. तो वेळ त्यांना मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय ५७.

हाती घेतलेले ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्रही अर्धवट राहिले होते. सुरुवातीचे अध्याय तेवढे झाले होते. आता वाट पाहण्याची पाळी पुन्हा लक्ष्मीबाईंची आली. त्यांनी ती लेखणी हातात घेऊन पाहिली. जोडाक्षरांशी जन्मभर भांडलेल्या त्या बाईंनी पतीचे काव्य पुढे चालवले, त्याचा फार मोठा भाग स्वत: रचला आणि उरलेले काम मुलगा देवदत्त यांनी पुरे केले. हाच देवदत्त म्हणजे पंढरपुरी आईच्या पदराआड वाढलेला दत्तू. १९३३ मध्ये नागपूरच्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद लक्ष्मीबाईंकडे चालून आले. १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागले आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला.

हे सगळे आज सांगायचे कारण काय? कारण असे, की वाट पाहणे ही गोष्ट आपण कल्याण-डोंबिवलीकर फक्त फलाटावर करतो असे मला वाटू लागले आहे. गाडी दहा मिनिटे उशिरा आली की आपण हैराण होतो, यात नवल नाही. तिथे आपला इलाज नसतो. पण घरात? मुलाला नोकरी लागत नाही, सुनेचे आणि सासूचे जमत नाही, म्हाताऱ्या वडिलांना आपले म्हणणे पटत नाही, भाऊ रुसून वेगळा झाला आहे. इथे आपल्याला सगळे उद्या सकाळी हवे असते. नाही झाले, तर आपण दोनच गोष्टी जाणतो. एक तर बळजबरी करायची, नाहीतर संबंध तोडायचा.

टिळकांनी तिसरी गोष्ट केली. आपले जे पटले ते सोडले नाही आणि दुसऱ्याला ते पटेपर्यंत त्याचाही हात सोडला नाही. हे करायला देवावर श्रद्धा लागते की नुसता माणुसकीचा ओलावा पुरतो, याचे उत्तर ज्याने त्याने आपल्यापुरते द्यावे. टिळकांना विचारले असते तर आपल्यात एवढी सबुरी मुळीच नव्हती, ती मागून घ्यावी लागली, असेच त्यांनी सांगितले असते, असे त्यांच्या चरित्रावरून मला वाटते.

‘स्मृतिचित्रे’ घरात असेल तर या रविवारी खाली काढा. गमतीचे प्रसंग सगळ्यांच्या लक्षात असतात. ते आज बाजूला ठेवा. पंढरपूरपासून राहुरीपर्यंतची पाने तेवढी सलग वाचा, आणि वाचताना लक्ष्मीबाईंच्या आसवांकडे पाहता पाहता, पलीकडच्या गावी पत्राच्या उत्तराची वाट पाहत बसलेल्या त्या उतावळ्या माणसाकडेही एकदा पाहा.